सार्त्रचा ज्यू आणि कोकणातला शनवार तेली

आज एका छोट्या पुस्तकावर बोलायचं आहे. ज्याँ-पॉल सार्त्र यांनी ज्यूंच्या प्रश्नावर लिहिलेलं पुस्तक, १९४६ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झालेलं. मला ते फार आवडतं, आणि त्याचा मुख्य सिद्धान्त मला चुकीचा वाटतो. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासात असं नेहमीच होतं. जी पुस्तकं सगळ्या बाबतीत बरोबर असतात ती आपण एकदा वाचतो आणि ठेवून देतो.

आधी काळ लक्षात घ्या. १९४४ चा ऑगस्ट महिना, पॅरिस मुक्त झालेलं. सार्त्र यांनी हा मजकूर त्यानंतरच्या महिन्यांत लिहिला. सगळीकडे आनंद आहे, कोण परत आलं, कोण लढलं याच्या चर्चा आहेत. आणि हजारो फ्रेंच ज्यू छावण्यांकडे पाठवले गेले, त्यांच्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. ही शांतता सार्त्रना खटकली. त्या काळात एका बिगरज्यू फ्रेंच लेखकानं हा विषय काढणं ही साधी गोष्ट नव्हती, हे आधीच नोंदवून ठेवतो, कारण पुढे मी त्यांच्यावर टीका करणार आहे.

पुस्तकाचा पहिला भाग उत्तम आहे. ज्यूद्वेष हे 'मत' नसतं, असं ते म्हणतात. मत म्हटलं की त्याला पुरावा लागतो, पुरावा बदलला की मत बदलतं. इथे तसं होत नाही. ज्यूद्वेष ही माणसानं निवडलेली एक वृत्ती आहे, एक आवेश आहे. द्वेष आधी येतो, कारणं मागून गोळा केली जातात. आपल्याकडच्या कुठल्याही द्वेषाला हे वर्णन लावून बघा, चपखल बसतं. मग ते उदारमतवादी माणसाकडे वळतात, आणि तिथे त्यांनी जे म्हटलं आहे ते आजही बोचणारं आहे. उदारमतवादी ज्यूचा बचाव करतो, पण 'माणूस' म्हणून. ज्यू म्हणून त्यानं विरघळून जावं, अशीच त्याची मनातून इच्छा असते. म्हणजे द्वेष करणारा ज्यूमधला माणूस नाकारतो आणि हा भला गृहस्थ माणसामधला ज्यू नाकारतो. 'आम्ही जातबित काही मानत नाही हो' असं म्हणणारे आपल्याकडे पुष्कळ भेटतात. समोरच्यानं स्वतःच्या जातीचा अनुभव सांगायला सुरुवात केली की हेच लोक अस्वस्थ होतात. तेच आहे हे.

घोडं अडतं ते पुढे. ज्यू म्हणजे कोण, या प्रश्नाला सार्त्र उत्तर देतात की इतर लोक ज्याला ज्यू समजतात तो ज्यू. धर्म? तो तर क्षीण झाला. वंश? तो मानायचाच नाही. भूमी? नाही. सामाईक इतिहास? दोन हजार वर्षांची पांगापांग आणि हतबलता, याला ते इतिहास म्हणायला तयार नाहीत. मग उरतं काय? उरते ती परिस्थिती, भोवतालच्या समाजानं निर्माण केलेली. ज्यूद्वेष्टाच ज्यूला घडवतो, असा हा सिद्धान्त आहे.

आता तत्त्वज्ञानात सार्वत्रिक विधान केलं की एक उलटं उदाहरण त्याला पुरेसं असतं. ते उदाहरण आपल्या कोकणात आहे.

अलिबागजवळ नवगाव. बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते की या किनाऱ्यावर एक गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला. कधी, याबद्दल इतिहासकारांचे बरेच मतभेद आहेत, त्यात मी पडत नाही. मला हवी आहे ती नंतरची गोष्ट, जिच्याबद्दल वाद नाही. ही माणसं किनाऱ्यावरच्या आणि आतल्या गावांत पसरली, त्यांनी घाणे घातले, तेल गाळलं, मराठी बोलली. गावांवरून आडनावं आली. किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, दिवेआगरचे दिवेकर. हिब्रू विसरली. ग्रंथ जवळ नाही, रब्बी नाही, बाकीच्या ज्यू जगाशी संबंध नाही. राहिलं काय? मुलाची आठव्या दिवशी सुंता. 'शेमा', म्हणजे देव एकच आहे असं सांगणारी प्रार्थना, ती जन्मापासून मरणापर्यंत सगळ्या प्रसंगांना चालायची, कारण दुसरी येतच नव्हती. खाण्यातले विधिनिषेध. काही सण, तेही मराठी नावांचे, एक नव्याचा सण, एक बिरड्याचा सण. आणि शनिवारी घाणा बंद.

हा बंद घाणा महत्त्वाचा आहे. गावातले बाकीचे तेली सोमवारी घाणा बंद ठेवायचे, हे शनिवारी. म्हणून गावानं त्यांना नाव दिलं शनवार तेली. बघा, गावानं नाव दिलं खरं, पण ज्यू म्हणून नाही दिलं. गावाला ज्यू म्हणजे काय हेच माहीत नव्हतं! ज्यूद्वेष नव्हता, कारण त्या शब्दातला पहिला अर्धा भागच नव्हता. सार्त्रच्या सिद्धान्तानुसार इथे ज्यू असायलाच नकोत. पिढ्यान्‌पिढ्या भोवती कुणी द्वेष केला नाही, तर ते केव्हाच विरघळून जायला हवे होते. ते विरघळले नाहीत.

सार्त्रची बाजू घेऊन इथे एक चांगला आक्षेप घेता येतो, आणि तो टाळून चालणार नाही. बेने इस्राएल स्वतःला तरी ज्यू कुठे म्हणत होते? ते स्वतःला 'इस्राएलची मुलं' म्हणत. त्यांना ज्यू म्हणून ओळखलं ते बाहेरून आलेल्यांनीच. म्हणजे शेवटी दुसऱ्याची नजर लागलीच की!

लागली, कबूल. पण कुठली नजर, ते बघा. परंपरेत डेव्हिड रहाबी नावाचा एक ज्यू येतो. तो केव्हा आला यावर पुन्हा मतभेद. त्याला शंका येते की हे आपलेच लोक असावेत. मग तो परीक्षा घेतो. कशी? तुमचा देव कोणता, तुमची वंशावळ दाखवा, असं काही विचारत नाही. तो स्वयंपाकघरात मासळी पाठवतो, निरनिराळ्या जातींची. बायका त्यातली खवले आणि पर असलेली मासळी तेवढी निवडतात, बाकीची बाजूला ठेवतात, ही आम्ही खात नाही म्हणून सांगतात. तोराची आज्ञा नेमकी हीच आहे. रहाबीला उत्तर मिळालं.

ही दंतकथा आहे. ती घडली असेल, नसेल. पण एखादा समाज स्वतःच्या ओळखीची कथा कशी रचतो, त्यात त्याचं तत्त्वज्ञान असतं. या कथेत परीक्षकाला जे सापडतं ते त्याच्या येण्याआधीपासून तिथे आहे. त्याची नजर त्या बायकांना ज्यू 'करत' नाही. आणि त्या बायकांना तरी ते ज्यूपण ठाऊक होतं का? सिद्धान्त म्हणून नव्हतं. हातांना ठाऊक होतं. आपल्या तत्त्वज्ञांना ही गोष्ट अवघड जाते. आपल्याला वाटतं, ओळख म्हणजे स्वतःबद्दलची कल्पना, आणि कल्पना म्हटली की ती मनात हवी. इथे ती टोपलीत आहे.

पुढे १८ व्या-१९ व्या शतकात खूप घडलं. सामाजी हसाजी दिवेकर, कंपनीच्या फौजेतले, त्यांनी १७९६ मध्ये मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं. लोक त्याला मशीदच म्हणायचे, आणि मांडवीतली ती गल्ली सॅम्युअल स्ट्रीट झाली. कोचीनहून शिक्षक आले. ख्रिस्ती मिशनरी आले, डॉ. जॉन विल्सन यांनी तर मराठी माणसाला हिब्रू शिकता यावं म्हणून व्याकरण लिहिलं. त्यांचा हेतू धर्मांतराचा होता. परिणाम असा झाला की बेने इस्राएल हिब्रू शिकले, बायबल मराठीत वाचू लागले आणि अधिक पक्के ज्यू झाले. ख्रिस्ती झाले ते अगदी थोडे. १८८० च्या सुमारास त्यांनी कीर्तन उचललं, आणि अब्राहम, योसेफ यांची आख्यानं ओव्या-साक्यांत रंगू लागली. एलियाहू हन्नाबीच्या नावानं मलिदा करतात तो आजही चालू आहे; पोहे, खोबरं, फळं, गुलाबाची फुलं. बगदादच्या किंवा पोलंडच्या ज्यूला यातलं काहीही ओळखीचं वाटणार नाही. पण पोलंडचा ज्यू खातो त्यातलं पुष्कळसं पोलिश असतं, हे तो विसरलेला असतो. स्थानिकतेचा वास आपल्याला नेहमी दुसऱ्याच्याच अंगाला येतो.

इथे मला जरा थांबायला हवं, कारण या मुक्कामावर आपल्याकडचे वक्ते लगेच भारताच्या सहिष्णुतेकडे वळतात आणि टाळ्या घेतात. भारतात ज्यूंचा छळ झाला नाही हे खरं आहे, आणि अभिमान वाटावा असंच आहे. पण का झाला नाही, हेही विचारलं पाहिजे. जातिव्यवस्थेला वेगळेपणाची भीती वाटत नाही. ती वेगळेपणाला एक खण काढून देते. तुम्ही तेली, शनिवारी बंद ठेवता? ठेवा. तुमचं तुमच्यात जेवण, तुमच्यात लग्न? उत्तमच. शनवार तेली टिकले यात या खणाचा वाटा मोठा आहे. त्याची किंमतही त्यांनी मोजली, आणि वाईट म्हणजे त्यातलं काही स्वतःच्या घरात आणलं. बेने इस्राएलमध्ये गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असा भेद होता. बाहेरच्या स्त्रियांपासून झालेल्या संततीला काळे इस्राएल म्हणायचं, आणि त्यांच्याशी रोटीबेटी व्यवहार करायचा नाही.

मग बगदादी ज्यू आले, डेव्हिड ससूनसारखे श्रीमंत व्यापारी. सुरुवातीला ते बेने इस्राएलांच्याच सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला जात, त्यांच्याच दफनभूमीत आपली माणसं पुरत. आणि १८३० च्या दशकात त्यांनी मागणी केली की दफनभूमीत मधे भिंत घाला. इंग्रजांच्या नजरेत आपण या काळ्यासावळ्या मराठी लोकांत मोजले जाऊ नये, ही त्यामागची धास्ती. कोचीनमध्ये तर ए. बी. सालेम यांना ज्यू असूनही परदेशी सिनेगॉगमध्ये बाकावर बसण्याचा हक्क नव्हता, कारण ते मुक्त केलेल्या दासांचे वंशज मानले जात. वकील झालेला माणूस जमिनीवर बसायचा. त्यांनी सिनेगॉगमध्ये सत्याग्रह केला. लोक त्यांना ज्यू गांधी म्हणू लागले.

सार्त्रच्या आराखड्यात या माणसाला जागा नाही. त्याच्या पुस्तकात दोनच बाजू आहेत, ज्यू आणि त्याच्याकडे बघणारा बिगरज्यू. ज्यूकडे बघणारा ज्यू त्यात नाही. आणि आपलेपणाचा प्रश्न खरा बोचतो तो तिथेच. परक्यानं नाकारलं तर माणूस घरी येऊन रडू शकतो. घरानंच विचारलं की तू कोण, तर कुठे जायचं?

इस्राएलमध्ये नेमकं हेच झालं. १९४८ मध्ये राज्य स्थापन झालं, १९५० मध्ये परतीचा कायदा झाला, प्रत्येक ज्यूला येण्याचा हक्क मिळाला. बेने इस्राएल जाऊ लागले. इथून जाण्यामागे छळ नव्हता, ओढ होती. तिथे त्यांना वाळवंटातली गावं, हलकी कामं आणि रंगावरून टोमणे मिळाले. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीलाच काहींनी निदर्शनं करून आम्हाला परत भारतात पाठवा अशी मागणी केली, आणि काही जण खरोखर परत आले. पण मोठा घाव १९६२ चा. मुख्य रब्बी यित्झाक निस्सीम यांनी विवाह लावणाऱ्या रब्बींना सूचना दिल्या की बेने इस्राएल व्यक्तीचं लग्न दुसऱ्या समाजातल्या ज्यूशी व्हायचं असेल, तर तिच्या मागच्या पिढ्यांची चौकशी करा, जितकं मागे जाता येईल तितकं जा. इस्राएलमध्ये ज्यूंचं लग्न रब्बींच्याच हातात असतं, नोंदणी विवाह नाही. म्हणजे हा नुसता शाब्दिक अपमान नव्हता.

रब्बींच्या शंका दोन होत्या, आणि त्या शेजारी शेजारी ठेवून बघण्यासारख्या आहेत. पहिली, यांच्यात बाहेरची माणसं मिसळली असतील, म्हणजे कदाचित हे ज्यू नसतीलच. दुसरी, घटस्फोटाचा धर्मशास्त्रीय दस्तऐवज, ज्याला 'गेट' म्हणतात, तो कोकणात माहीत नव्हता. मग गेटशिवाय सोडलेल्या बाईनं पुन्हा लग्न केलं असेल, तर पहिलं लग्न शास्त्रानं उभंच आहे, दुसऱ्या लग्नाची मुलं 'मामझेर' ठरतात, आणि मामझेरचं लग्न सामान्य ज्यूशी होऊ शकत नाही. आता तर्क बघा. मामझेरपणाचा नियम लागू होतो तो फक्त ज्यूंना. बिगरज्यू बाईचं पहिलं लग्न हलाखाच्या दृष्टीनं त्या अर्थी लग्नच नाही, मग तिथे मामझेर कसला? म्हणजे एका शंकेप्रमाणे तुम्ही ज्यू नाही, आणि दुसरीप्रमाणे तुम्ही इतके पक्के ज्यू आहात की तुमच्या पणजीचा काडीमोडही आमच्या शास्त्रानंच मोजला जाईल. एकाच माणसावर या दोन्ही शंका एकदम धरता येत नाहीत. पण कार्यालयात तर्क कोण विचारतो!

बेने इस्राएलांनी सत्याग्रहाचा रस्ता धरला. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये ठिय्या दिला, आणि ऑगस्टमध्ये क्नेसेटनं, म्हणजे त्यांच्या संसदेनं, ठराव केला की भारतातले बेने इस्राएल सर्व बाबतींत ज्यूच आहेत आणि त्यांना समान हक्क आहेत. रब्बींनी सूचनांमधून समाजाचं नाव काढलं. इथिओपियाच्या ज्यूंना पुढच्या दशकांत याच रस्त्यानं जावं लागलं, बऱ्याच जास्त हालअपेष्टांतून.

आणि योगायोग बघा, त्याच १९६२ साली, त्याच देशात, सर्वोच्च न्यायालयानं ब्रदर डॅनियल यांचा निकाल दिला. मूळ नाव ओस्वाल्ड रुफाइझेन, पोलंडमधल्या ज्यू आईबापांचा मुलगा. युद्धात त्यानं जर्मन पोलिसांत दुभाषा म्हणून ओळख लपवून काम केलं आणि मीरच्या घेट्टोमधल्या अनेक ज्यूंना पळून जायला मदत केली. मग एका ख्रिस्ती मठात लपला, तिथे कॅथलिक झाला, संन्यासी झाला. इस्राएलमध्ये येऊन त्यानं म्हटलं, माझा धर्म कॅथलिक, पण मी ज्यू आहे, परतीच्या कायद्यानं मला नागरिक करा. आता हलाखा काय सांगते? ज्यू आईच्या पोटी जन्मलेला धर्म बदलूनही ज्यूच राहतो. न्यायालयानं मात्र म्हटलं की कायद्यातला हा शब्द सामान्य माणसाच्या बोलण्यातला आहे, आणि ख्रिस्ती संन्याशाला साधा ज्यू माणूस ज्यू म्हणणार नाही. अर्ज फेटाळला. पुढे नेहमीच्या मार्गानं त्याला नागरिकत्व मिळालं, तो भाग वेगळा. म्हणजे डॅनियल शास्त्राप्रमाणे ज्यू, राज्याप्रमाणे नाही. बेने इस्राएल राज्याप्रमाणे ज्यू, शास्त्राधिकाऱ्यांच्या मते संशयित.

अशा वेळी आमच्या तत्त्वज्ञानातले लोक विट्गेनस्टाइनकडे धावतात. एकच लक्षण सगळ्यांत शोधू नका, कुटुंबातल्या चेहऱ्यांसारखं असतं ते, एकाचं नाक दुसऱ्याशी जुळतं, दुसऱ्याचे डोळे तिसऱ्याशी. बेने इस्राएल, बगदादी, पोलंडचे, येमेनचे, सगळे असे जुळतात. हे वर्णन म्हणून छान आहे. पण लग्नाच्या नोंदवहीवर सही कुणी करायची, हे त्यातून कळत नाही. कुटुंबात साम्य असतं, तसा कुटुंबात कर्ताही असतो. खुद्द विट्गेनस्टाइनच्या घराची गोष्ट विलक्षण आहे. चार आजी-आजोबांपैकी तीन ज्यू वंशाचे, पण घर ख्रिस्ती. नाझींच्या नियमानं तीन म्हणजे ज्यू. १९३९ मध्ये या कुटुंबानं परदेशातलं प्रचंड सोनं जर्मन बँकेच्या हवाली केलं आणि एका आजोबांची फेरनोंद करून घेतली. व्हिएन्नातल्या बहिणी वाचल्या. चेहऱ्यांतलं साम्य तेच राहिलं, कागद तेवढा बदलला.

इथे सार्त्रला त्याचं देणं दिलं पाहिजे. १९७० मध्ये इस्राएलनं कायद्यात ज्यूची व्याख्या घातली: ज्यू आईचा मुलगा वा मुलगी किंवा धर्मांतरित, आणि जो दुसऱ्या धर्माचा नाही तो. पण परतीचा हक्क मात्र ज्यूचं मूल, नातवंड आणि त्यांचे जोडीदार इथपर्यंत वाढवला. एका ज्यू आजोबापुरताही आसरा. नाझींचा हात जिथपर्यंत पोचत होता, साधारण तिथपर्यंत दार उघडं ठेवलं. म्हणजे द्वेष्ट्याच्या व्याख्येची सावली आसऱ्याच्या कायद्यावर पडलेली आहे. सार्त्र म्हणतो ते इतपत खरं आहे. द्वेष्टा ज्यूला घडवत नाही, पण त्याला कुठे दार लागेल ते ठरवतो.

जनुकांबद्दल दोनच वाक्यं, कारण हल्ली कुणीतरी ते काढतंच. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बेने इस्राएलांमध्ये मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा आणि स्थानिक भारतीयांचा, दोन्ही वारसा दिसला. अनेकांना आनंद झाला. मला त्या आनंदाचीच काळजी वाटते. उलटा निकाल आला असता तर शनिवारचा बंद घाणा खोटा ठरला असता का?

शेवटी पुन्हा पुस्तकाकडे. १९८० मध्ये, मृत्यूच्या काही आठवडे आधी, बेनी लेव्ही यांच्याशी झालेल्या संवादात सार्त्र यांनी कबूल केलं की ते पुस्तक त्यांनी ज्यूंबद्दल काही न वाचताच लिहिलं होतं, आणि ज्यूंना स्वतःचा इतिहास, स्वतःचं असं काही आहे, हे त्यांना आता दिसत होतं. उंटावरून शेळ्या हाकल्या, असं त्यांनी स्वतःच म्हटल्यासारखं झालं. त्यांच्या जुन्या मित्रांना हे रुचलं नाही, म्हातारपणी तरुण सहकाऱ्यानं वदवून घेतलं असं काही म्हणाले. मला ते म्हातारपण पटतं. मात्र तेव्हाही त्यांच्यासमोर होता तो युरोपातला, ग्रंथ वाचणारा ज्यू. मासळी निवडणारी बाई त्यांना भेटली नाही. ती आता इथे फारशी उरलीही नाही. १९५१ साली देशात ज्यूंची संख्या पंचवीस हजारांच्या वर होती, आज काही हजार. महाराष्ट्र सरकारनं २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. बहुतेक जण इस्राएलमध्ये आहेत, तिथून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक निघतं, आणि तिथे त्यांना लोक 'भारतीय' म्हणतात.

वेळ झालेली दिसते. चिठ्ठ्या आल्या असतील तर इकडे द्या.